प्रमाणपत्र, पुरस्कार आणि दुसरी फेरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या पंधरवड्यात आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर एकच विषय फिरतो आहे. आपल्या तरुण मंडळाने उन्हाळ्यात एका खेड्यात जाऊन शाळेची रंगरंगोटी केली, वह्या वाटल्या, विहिरीभोवतीचा कचरा काढला. आता मंडळातल्या काही मुलांना वाटतं की उत्कृष्ट युवा मंडळाच्या पुरस्कारासाठी अर्ज करावा. त्यावर एका आजोबांनी लिहिलं, "सेवेचा अर्ज भरायचा नसतो." एका आईने विचारलं, "लेकरू दर रविवारी जातंय, कॉलेजात दाखवायला निदान एक कागद तरी मिळेल का?" मग उत्तराला उत्तर आलं, त्याला अंगठे आले, आणि रात्री साडेअकराला दोन घरं ग्रुपमधून बाहेर पडली. ती घरं परत यावीत ही आमची पहिली विनंती. पण त्याहून जास्त लागलं ते मुलांचं गप्प होणं. ज्यांच्याबद्दल सगळे बोलत होते, ती तेवढी बोलायची थांबली.

म्हणून या वेळचं चिंतन याच विषयावर.

आधी त्या आईचा प्रश्न घेऊ, कारण तो सगळ्यात खरा आहे. सेवा केली आणि कागद मागितला म्हणजे काही पाप झालं, असं आम्हाला वाटत नाही. आजच्या मुलांना प्रवेशासाठी, नोकरीसाठी जागोजाग विचारतात, अभ्यासाशिवाय काय केलंस? आणि समाजानेच, सरकारनेच ही वाट आखून दिली आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्यात दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, असा हिशेब असतो. ते पुरं केलं की प्रमाणपत्र. गावोगावच्या तरुण मंडळांसाठी १९७२ पासून नेहरू युवा केंद्रं निघाली. चांगलं काम करणाऱ्या मंडळांना जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पुरस्कार देण्याची पद्धत तिथलीच. ३१ ऑक्टोबर २०२३ ला 'मेरा युवा भारत' सुरू झालं, तिथे १५ ते २९ वयाच्या मुलामुलींना स्वतः नाव नोंदवता येतं आणि सेवेच्या संधी शोधता येतात. ज्यांच्या घरात या वयाची मुलं आहेत त्यांनी जरूर नोंदवावं. यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही.

मग आजोबांचं म्हणणं चूक का? तेही नाही. ते ज्या गोष्टीला घाबरतात, ती गोष्ट घडते. आपण पुरस्काराला प्रसाद समजावा. आरती झाली की पुजारी तळहातावर चिमूटभर शिरा ठेवतो. आपण तो नाकारत नाही, नाकारणं हा अहंकारच. कपाळाला लावतो, खातो, उरलेला घरी नेऊन वाटतो. पण प्रसादाने पोट भरायला कुणी देवळात जात नाही. आणि प्रसाद कमी मिळाला म्हणून पुजाऱ्याशी भांडणाऱ्याकडे लोक कसे बघतात, तेही आपल्याला माहीत आहे.

आता जरा आपल्या हैदराबादच्या जवळची एक गोष्ट सांगतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या कपाटात पोचमपल्लीची साडी आहे. गाव इथून चाळीस-पन्नास किलोमीटर. त्याचं आजचं नाव भूदान पोचमपल्ली. ते 'भूदान' कुठून आलं हे मात्र आपल्या मुलांना फारसं ठाऊक नाही.

१९५१ चा एप्रिल. शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरलं होतं. विनोबा भावे, म्हणजे कोकणातल्या गागोद्याचे, आपल्या मराठीत गीताई लिहिणारे, वर्ध्याकडून पायी चालत त्या संमेलनाला आले. तेव्हा तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. एकीकडे सशस्त्र लढा, दुसरीकडे पोलीस. संमेलन संपल्यावर विनोबा परत न जाता त्याच भागातल्या खेड्यांत शिरले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीला पोचले. गावातली हरिजन कुटुंबं त्यांना भेटली. विनोबांनी त्यांना विचारलं की तुम्हाला काय हवं आहे. ती म्हणाली, जमीन हवी. किती? ऐंशी एकर पुरे. चाळीस ओलिताची, चाळीस कोरडवाहू.

इथे थोडं थांबू या. विनोबांकडे जमीन नव्हती. त्यांच्याजवळ वह्या नव्हत्या, रंगाचे डबे नव्हते, बॅनर तर नव्हताच. ते काही द्यायला आले नव्हते, विचारायला आले होते. मिळालेलं उत्तर त्यांनी तसंच जमलेल्या गावापुढे ठेवलं. तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागितले ऐंशी, मिळाले शंभर. तिथून विनोबा जे चालू लागले ते तेरा-चौदा वर्षं देशभर चालतच राहिले. १९५८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, त्या पहिल्याच वर्षी विनोबांना तो मिळाला. पुरस्कार आला तेव्हा ते वाटेत होते, आणि पुरस्कारानंतरही वाटेतच राहिले. भारतरत्न तर देह ठेवल्यावर आलं, १९८३ ला.

त्या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. भूदानात देशभर लाखो एकर जमीन बोलली गेली. टाळ्या पडल्या, दानपत्रं भरली. पण त्यातली बरीच जमीन गरिबाच्या हाती प्रत्यक्ष गेलीच नाही. काही नापीक निघाली, काही कोर्टकचेरीत अडकली, काही तशीच कागदावर राहिली. विनोबांच्या तपश्चर्येला यात उणेपणा नाही. देण्याच्या दिवशी गाव जमतं. मोजणी, सातबारा, ताबा यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालायला फार थोडे उरतात. महाराज सत्संगात तरुणांना नेहमी एकच गोष्ट विचारतात, "दुसऱ्यांदा कधी गेलास?" पहिल्यांदा सगळेच जातात. आम्हाला हा प्रश्न पूर्वी साधा वाटायचा. पोचमपल्लीची हकिगत वाचल्यावर त्याचं वजन कळलं.

पोचमपल्लीच्या शेजारीच जलालपूरला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाची ग्रामीण संस्था आहे, तिथे खेड्यातल्या तरुणांना हाताचं कौशल्य शिकवतात. स्वामीजींबद्दल आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. अंबाजोगाईचे शिक्षक, निजामाच्या तुरुंगात गेलेले संन्यासी. त्यांनी देह ठेवला तो इथेच, हैदराबादेत, १९७२ मध्ये. बेगमपेठेत त्यांचं स्मारक आहे. आपली मुलं रोज त्या बाजूने ऑफिसला जातात, एकदा आत जाऊन यावं.

असो. विचारण्याबद्दल बोलत होतो. आपण देवालासुद्धा विचारून वाहतो. विठोबाला तुळस, शंकराला बेल, गणपतीला दूर्वा. तुळस कितीही पवित्र असली तरी रोजच्या पूजेत गणपतीला वाहत नाही. का? तर त्याची आवड वेगळी. मग खेड्यातला नारायण काय सगळं चालवून घेणारा आहे? आपल्याला जे सोपं पडतं ते आपण नेतो. जुने कपडे नेतो, कारण कपाट मोकळं करायचं असतं. वह्या नेतो, कारण त्या घाऊक बाजारात स्वस्त मिळतात. गावाला कदाचित वह्या नको असतील. अंगणवाडीच्या छताला पत्रा हवा असेल. दहावीच्या पाच मुलींना गणित शिकवणारं कुणी हवं असेल. एखाद्या म्हातारीला पेन्शनचा फॉर्म भरून देणारा, मोबाइलवरचा आकडा सांगणारा नातू हवा असेल. या गोष्टींचे फोटो नीट येत नाहीत, ही अडचण आहे खरी.

फोटोवरून आठवण गाडगेबाबांची. १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्म, १९५६ च्या २० डिसेंबरला वलगावजवळ वाटेतच देह ठेवला. आयुष्यभर हाती खराटा, डोक्याला खापर. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. कीर्तन संध्याकाळी, तोवर लोकांनाच लाज वाटून गाव निम्मं साफ झालेलं असायचं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःला राहायला त्यात खोली ठेवली नाही. आपला कुणी शिष्य नाही, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. आपण गुरूचे शिष्य म्हणवणाऱ्यांनी हे जरा जपून ऐकावं. ज्याला शिष्यसुद्धा नको होते, त्याला हारतुरे कुठले चालायचे!

आणि गंमत पाहा, याच बाबांच्या नावाने महाराष्ट्र सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, आणि तीही स्पर्धाच. बक्षीस मिळवायचं म्हणून गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली. आजोबा, हे तुमच्यासाठी सांगतो. बक्षिसाच्या निमित्ताने निघालेला माणूसही झाडतोच, आणि झाडलेला रस्ता त्याच्या मनातला हेतू विचारत नाही. सुरुवात लोभाने झाली तरी हरकत नाही. ध्रुवबाळ तरी रानात गेला तो बापाच्या मांडीवरच्या जागेसाठीच ना?

पण आता तरुणांनी ऐकावं. केंद्र सरकारनेही उघड्यावरची हागणदारी बंद करणाऱ्या गावांसाठी निर्मल ग्राम पुरस्कार काढला. महाराष्ट्रातल्या हजारो गावांनी तो घेतला, दिल्लीहून मानपत्रं आली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. पुढे काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा पुरस्कार मिळालेल्या कित्येक गावांत लोक पुन्हा बाहेर जाताना आढळले. संडासात कुठे सरपण, कुठे कडबा. मानपत्र तेवढं काचेत शाबूत. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, खेड्यातले लोक सुधारत नाहीत. आम्हाला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. पाणी नसलेल्या गावात संडास बांधून दिला आणि पाण्याचं विचारायला कुणी परत आलं नाही, तर घरच्या बाईने ते पाणी किती लांबून आणायचं?

याच्या उलट उदाहरणही तेलंगणातच आहे. वरंगळकडचं गंगादेवीपल्ली. लहानसं गाव, पण गेली कित्येक वर्षं लोक मुद्दाम ते बघायला जातात. तिथे दारूबंदी गावानेच केली. पाणी, स्वच्छता, शिक्षण अशा प्रत्येक कामाची समिती गावकऱ्यांचीच, घरटी कुणी ना कुणी कशात तरी आहे. पुरस्कार त्यांनाही मिळाले, निर्मल ग्रामसुद्धा. फरक एवढाच की पुरस्कार देणारे निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा नळ कुणी सोडायचा, हे तिथे आधीच ठरलेलं होतं.

आपल्यातल्या निम्म्या घरांची मुळं बीदर, उदगीर, लातूर, नांदेडकडे आहेत. २०१६ चा एप्रिल त्यांनी विसरू नये. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आपल्यापैकी कित्येकांचे मामा-मावश्या तेव्हा घागर घेऊन रांगेत होत्या, आणि आपण इथे टँकरला फोन करत होतो. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली, वरूड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई, अशा तीन तालुक्यांत. ११६ गावं उतरली. साताऱ्याकडचं वेळू पहिलं आलं, पन्नास लाखांचं बक्षीस. पुढच्या वर्षी वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे छोटं आदिवासी गाव पहिलं आलं. दर वर्षी नंबर मोजक्याच गावांचे आले, बाकी सगळी हरली. पण त्यांनी खणलेले समतल चर आणि बांध काही कुणी परत बुजवले नाहीत. पाऊस पडला तेव्हा पाणी हरलेल्या गावांच्या शिवारातही थांबलं. स्पर्धेत हरून विहीर भरते, हे असं बक्षीस आम्हाला फार आवडतं.

आता नाथांची गोष्ट. सगळ्यांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण आपल्या वादाचं उत्तर तिच्यात आहे. पैठणचे एकनाथ महाराज यात्रेकरूंबरोबर काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले. त्या काळी ही यात्रा म्हणजे जन्माचं सार्थक. महिनोन् महिने चालायचं, थेंब सांडू द्यायचा नाही, आणि शेवटी शंकराच्या पिंडीवर ती गंगा ओतायची. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेलं दिसलं. नाथांनी कावड उतरवली आणि पाणी त्याच्या तोंडात ओतलं. बरोबरचे हळहळले, एवढ्या लांबून आणलेली गंगा फुकट गेली! नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला.

या गोष्टीत आपण नेहमी नाथांच्या दयेवर बोलतो. जरा कावडीवर बोलू. नाथ कावड घेऊन निघाले होते, म्हणून गाढवाला पाणी मिळालं. घरी बसून 'मला रामेश्वराची हाव नाही' म्हणणाऱ्याच्या हातात त्या क्षणी एक थेंबही नसता. म्हणून मुलांनो, रामेश्वरासाठी निघा. पुरस्कारासाठी निघायचं असेल तर तसे निघा. मात्र वाटेत गाढव दिसलं तर कावड उतरवायची तयारी हवी. अहवाल पाठवायची शेवटची तारीख आणि गावातल्या एखाद्या मुलीची परीक्षा एकाच दिवशी आली, तर त्या दिवशी कुठे जायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. मोठ्यांनी ते ग्रुपवर ठरवू नये.

शनिवारी सेवा समितीतले आम्ही सगळे मुलांसोबत बसलो, आणि काही गोष्टी ठरल्या. पुरस्कारासाठी अर्ज करायचा. पण त्याच गावात आणखी तीन फेऱ्या झाल्यावर, आणि अर्जात काय लिहायचं ते गावातल्या लोकांना आधी वाचून दाखवून. गावात तेलुगू चालते, तेव्हा ते त्यांना तेलुगूतून सांगायचं. ज्यांना कॉलेजसाठी पत्र हवं त्यांना समिती पत्र देईल, प्रत्यक्ष जेवढे तास काम केलं तेवढेच लिहून, एकही जास्त नाही. गावातल्या लहान मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. आपल्या लेकरांचे फोटो कुणी असे 'गरीब मुलं' म्हणून फिरवले तर आपल्याला चालेल का? हे शेवटचं मुलांनीच सुचवलं, आम्ही नाही.

पुढच्या फेरीत वाटप काही नाही. शाळेचा रंग पावसात टिकला का ते बघायचं, आणि गावच्या लोकांशी, विशेषतः बायकांशी बसून बोलायचं, त्यांना काय हवं ते विचारायचं. ज्यांना तेलुगू चांगली येते अशा दोन-तीन काकूंची गरज आहे. मुलांना बोलता येतं, पण बायका मुलांपुढे मोकळ्या होत नाहीत. काकूंनी येत्या रविवारी सत्संगानंतर समितीकडे नाव द्यावं. निघायचं पहाटे, परत संध्याकाळपर्यंत. डबा आणि पाणी प्रत्येकाने आपापलं आणावं, गावावर जेवणाचा भार टाकायचा नाही. त्यांनी ताक दिलं तर मात्र नाही म्हणू नये.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥